एक हात, दोन नोकऱ्या

मुंबईत चेलो वाजवणाऱ्या माणसाचं पोट कशावर चालतं, ते आधी सांगते. पुढचं दुखणं त्यातूनच आलं आहे.

एके काळी फिल्मी रेकॉर्डिंग हा मोठा आधार होता. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये गाणं रेकॉर्ड व्हायचं, तेव्हा व्हायोलिन, व्हियोला, चेलो असा भरगच्च ताफा बसायचा. त्यात गोव्याहून आलेले वादक कितीतरी. आर. डी. बर्मन यांच्या बासू-मनोहारी या संगीत संयोजक जोडीतले बासू चक्रवर्ती हे स्वतः चेलोवादक. सिंथेसायझर आले आणि हे काम आटलं. २००६ साली एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, त्यामुळे शहरात मोठ्या कलाकृती पुन्हा नियमित ऐकू येऊ लागल्या. पण त्याचे मुख्य हंगाम वर्षातून दोनदा, काही आठवड्यांचे. माझ्यासारख्या स्वतंत्र वादकाकडे उरतात ते चेंबर म्युझिकचे कार्यक्रम, चर्चमधली वादनं, हॉटेलातली लग्नं आणि शिकवण्या. यातला दर महिन्याला नेमानं येणारा पैसा शिकवण्यांचाच. म्हणून शिकवण्या वाढत जातात. कुणी ठरवून वाढवत नाही. एका मुलाची आई दुसरीला सांगते, शाळेतून विचारणा होते, परीक्षांचा मोसम येतो आणि संध्याकाळ भरून जाते.

वादनाच्या सरावानं हात बिघडतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिकवण्यानं बिघडतो, हे फारसं कुणी बोलत नाही. ते बोलावं म्हणून हा लेख.

जुलैतली एक साधी शिकवणी घ्या. नऊ वर्षांची मुलगी, अर्ध्या मापाचा चेलो, कारखान्यात बनलेला स्वस्तातला. पावसाळी हवेनं लाकूड फुगलेलं, त्यामुळे खुंट्या घट्ट बसलेल्या. चेलोची खुंटी नुसती फिरवून भागत नाही, आत दाबत फिरवावी लागते, नाहीतर सुटते. चार तारा, चार खुंट्या, प्रत्येकीला मनगट पिळून जोर. मग मुलगी वाजवू लागते, दुसऱ्या ओळीत बोट चुकतं. तुम्ही तिचाच चेलो हातात घेता आणि तिच्या बुटक्या खुर्चीवर वाकून दोन मात्रा वाजवून दाखवता. तुमचा डावा हात पूर्ण मापाच्या वाद्याला सरावलेला, तिथं तारेची मोकळी लांबी एकोणसत्तर सेंटिमीटरच्या आसपास असते. इथं बोटं आखडून घ्यावी लागतात आणि अंगठा नकळत गळ्याला आवळतो. वाद्य परत देता, वहीत चार ओळी लिहिता, तोवर पुढचा विद्यार्थी दारात उभा असतो. तो बाखच्या पहिल्या सुइटचा प्रील्यूड घेऊन आलेला, म्हणजे आता मोठा चेलो, मोठी झेप, तीही हात न तापवता. असं रात्रीपर्यंत. घरी आल्यावर स्वतःचा सराव सुरू, कारण कार्यक्रम तोंडावर आलेला.

माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला दुखू लागलं ते अशाच एका पावसाळ्यात. आधी फक्त बाटलीचं झाकण उघडताना, मग चहाचा कप उचलताना. वाजवताना मात्र पहिली दहा मिनिटं गेली की दुखणं मागं पडायचं, आणि फसवणूक नेमकी तिथंच होते. एका ज्येष्ठ वादकांनी मायेनंच सांगितलं, "वाजवत राहा, हात मोकळा होईल." आमच्या व्यवसायात हा सल्ला पिढ्यानपिढ्या दिला जातो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, सल्ला मात्र घातक आहे.

हाताच्या डॉक्टरांनी मला अंगठा मुठीत घ्यायला सांगितला आणि मूठ करंगळीच्या बाजूला हलकेच वाकवली. मी ओरडलेच. अंगठ्याच्या कंडरा ज्या आवरणातून सरकतात, ते आवरण सुजतं. या दुखण्याला द कर्व्हेन यांचं नाव आहे. तान्हं मूल सतत उचलणाऱ्या आयांनाही ते होतं. डॉक्टरांनी विचारलं, रोज किती तास वाजवता? मी सरावाचे तास सांगितले. त्यांचा पुढचा प्रश्न होता, "आणि मुलांसोबत?" तो आकडा जोडल्यावर बेरीज दुपटीच्या वर गेली. मनगटाला पट्टा लागला, फिजिओथेरपी झाली, तो हंगाम हातचा गेला. हात परत आला, पण ही बेरीज त्या खोलीच्या बाहेर कुणी मला करून दाखवली नव्हती. एकाही शिक्षकानं नाही, एकाही परीक्षकानं नाही.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते. शिकवणीचा तास वेळापत्रकात वादनाचा तास म्हणूनच लिहा. कार्यक्रमाच्या आठवड्यात सराव वाढणार असेल, तर शिकवणी त्या मापात कमी झालीच पाहिजे. दोन्ही वाढवायला हात एकच आहे.

दुसरं, पहिल्या विद्यार्थ्याआधी स्वतः वाजवा. मोकळ्या तारांवर लांब गज, सावकाश स्वरसप्तकं, एवढं पुरे. जो वादक मंचावर जाण्याआधी हात तापवल्याशिवाय राहत नाही, तोच शिकवणीला सरळ येऊन थंड हातानं ड्वोर्झाकच्या कॉन्चेर्टोमधला अवघड भाग दाखवतो. हाताला श्रोते शंभर आहेत की एक, हे कळत नाही.

विद्यार्थ्याचं छोटं वाद्य शक्यतो वाजवू नका. स्वतःचा चेलो शेजारी असू द्या. मुंबईत तो वाहून नेणं हा वेगळाच ताप आहे, हे मी जाणते. सहाच्या लोकलमध्ये चेलो चढवणं जवळपास अशक्य. त्यापेक्षा विद्यार्थ्यांना आपल्याकडे बोलवा, किंवा जिथं पाच-सहा मुलं आहेत तिथं एक साधं वाद्य कायमचं ठेवा. खुर्ची मात्र आपल्या उंचीची हवी. गुडघे कमरेच्या किंचित खाली राहिले पाहिजेत. विद्यार्थ्याकडे मान वळवून बसायचं असेल, तर एका मुलाला डावीकडे बसवा, पुढच्याला उजवीकडे.

खुंट्यांचं काय? पालकांना पहिल्याच दिवशी सांगा की टेलपीसवर चारही तारांना फाइन ट्यूनर बसवून घ्या. ते छोटे स्क्रू दोन बोटांनी फिरतात आणि मूलही काही महिन्यांत स्वतः सूर लावायला शिकतं. माझ्या मते ही शिक्षकाच्या मनगटाची सगळ्यात स्वस्त विमा पॉलिसी आहे. एसी खोलीत लाकूड सुकून खुंटी सटकते, बाहेर पावसात ती जाम होते. आपल्या शहरात वाद्य दिवसातून दोनदा हे दोन्ही भोगतं.

आता थोडं शिकवण्याच्याच पद्धतीबद्दल. ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात चेलोवादक यानोश श्टार्कर १९५८ पासून २०१३ साली मृत्यू होईपर्यंत शिकवत होते. त्यातली बरीच वर्षं जगभर वाजवतही होते. विनाकारण ताण न घेता वाजवणं हा त्यांच्या शिकवण्याचा गाभा होता. मला त्याहून जवळचं उदाहरण आपल्या मुंबईतलंच वाटतं. अन्नपूर्णादेवी स्वतः सूरबहार वाजवत, आणि हरिप्रसाद चौरसियांना त्यांनी बासरी शिकवली ती गाऊन. चेलो शिकवताना मी हे उचललं आहे. ओळ गाते, श्वास कुठं घ्यायचा ते हातानं दाखवते, मुलालाही गायला लावते. गाऊन शिकलेल्या मुलाचा सूर पक्का होतो, कारण चेलोला पडदे नसतात, सूर आधी कानात असावा लागतो. वाजवून दाखवायचं ते एकदाच, शेवटी आणि पूर्ण मनानं. शिक्षक सारखं वाजवत राहिला, तर मूल नक्कल करायला शिकतं, ऐकायला नाही.

पैशाचं बोलायला आपण लाजतो, पण हात वाचवायचा तर बोलावंच लागेल. फी दर तासाची न घेता सत्राची घ्या. सत्राच्या सुरुवातीला कार्यक्रमांच्या तारखा पालकांना लेखी द्या, त्या आठवड्यांत शिकवणी नसेल असं सांगा आणि फी त्याप्रमाणे आधीच लावा. बहुतेक पालक हे समजून घेतात. आपल्या मुलाची टीचर मंचावर वाजवते, याचा त्यांना अभिमानच असतो. तासाप्रमाणे फी असली, की सुट्टीचा प्रत्येक तास खिशातून जातो आणि दुखरा हात घेऊन माणूस दारात उभा राहतो.

दुखणं रात्रीच्या झोपेनंतरही उरलं, तर थांबा. वेदनाशामक गोळी घेऊन वाजवू नका. गोळीनं सूज लपते आणि तुम्ही तिच्यावर आणखी जोर देता. बोटं बधिर होत असतील, मुंग्या येत असतील, तर प्रश्न नसेचा असू शकतो, तिथं एक आठवडाही वाट पाहू नका. डॉक्टरांकडे जाताना वाद्य किंवा निदान गज सोबत न्या आणि बसून दाखवा, तोंडी सांगून हातात काय होतंय ते कळत नाही. आणि त्याच दिवशी ऑर्केस्ट्राच्या मॅनेजरला फोन करा. या शहरात चांगले चेलोवादक मोजकेच आहेत. पंधरा दिवस आधी कळलं तर बदली वादक मिळतो आणि पुढच्या वेळी बोलावणंही येतं. आदल्या रात्री कळवलं, तर दोन्ही मिळत नाही.