कंबरदुखी आणि पिलाटेस

प्रश्न : बैठ्या कामाने कंबर धरते. सिट-अप्स काढल्या की दुखणे वाढते. पिलाटेसने फरक पडेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पिलाटेस म्हणजे सिट-अप्सचा मारा नव्हे. जोसेफ पिलाटेस यांच्या या पद्धतीत कण्याला आधार देणाऱ्या पोटाच्या खोल स्नायूंवर भर असतो. सुरुवात उताणे झोपून, गुडघे दुमडून होते. श्वास सोडताना बेंबी हलकेच आत घ्यायची आणि एक टाच चटईवरून सरकवत पाय लांब करायचा. कमरेची कमान वाढू लागली, की तिथेच थांबायचे. जुनाट कंबरदुखीत याने बऱ्याच जणांना आराम पडतो. इतर नियमित व्यायामांनीही पडतो, त्यामुळे महागड्या यंत्रांचा हट्ट नको. पाय बधिर किंवा कमजोर झाल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. लघवीवरचा ताबा सुटल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.