गॅसवरची जुनी जिप्सी आणि ठिणगीची वेळ

प्रश्न : माझी जुनी, कार्ब्युरेटरची मारुती जिप्सी सीएनजीवर केलेली आहे. सांगली-मिरजेत ठीक चालते, पण साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात धापा टाकते. प्रोग्रॅमेबल इग्निशन बसवावं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बसवावं, पण इंजिन आणि गॅसकिट धडधाकट असेल तरच. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी थोडी आधी पडावी लागते. जुन्या डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि स्प्रिंगा मात्र ही वेळ पेट्रोलच्या हिशेबानं ठरवतात. ‘मग डिस्ट्रिब्युटरच जरा फिरवू,’ असं कुणी म्हणेल. त्यानं टायमिंग सगळ्याच आरपीएमला सारखं पुढे सरकतं. गॅसला मात्र ही आगाऊ ठिणगी (ॲडव्हान्स) मुख्यतः कमी आरपीएमला लागते. शिवाय गाडी पेट्रोलवर टाकली की चढावर इंजिन ठोके देऊ लागतं. प्रोग्रॅमेबल युनिटमध्ये दोन इंधनांची दोन टायमिंग ठेवून ती गॅसच्या स्विचबरोबर बदलता येतात. मात्र डिस्ट्रिब्युटरची वजनं लॉक करावी लागतात, नाहीतर ॲडव्हान्स दुप्पट होतो.

ताकद पूर्ववत होईल का? नाही. गॅस इंजिनात हवेची जागा अडवतो, त्यामुळे सुमारे १० टक्के ताकद जातेच. चुकीच्या टायमिंगनं वाया जाणारी तेवढी परत मिळते. गॅसला ठिणगीसाठी व्होल्टेजही जास्त लागतं. म्हणून आधी प्लग, वायरी, एअर फिल्टर आणि गॅसचं मिश्रण तपासून घ्या. तेवढ्यावर घाट चढला, तर युनिटचा खर्च करू नका.