शेततळे, विहीर आणि पोहणारी मुले

चैत्र लागून शाळा सकाळची भरू लागली म्हणजे दुपारचा सारा वेळ मुलांच्या हाती मोकळा राहतो, आणि उन्हाने काहिली झालेली मुले पाण्याची वाट धरतात. खेड्यातील मुलांचे पोहणे पूर्वापार विहिरीत होत आले. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधावा, कमरेला दोर लावावा, आणि बापाने अथवा चुलत्याने काठावर उभे राहून मुलास पाण्यात सोडावे, अशी ही शिकवणूक होती. तीत धोका नव्हता असे नाही. परंतु तो धोका ओळखीचा होता आणि त्याच्याबरोबर सावधगिरीही पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. आता या विहिरीच्या जोडीस एक नवे पाणी आले आहे. महाराष्ट्रात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना 2016 साली सुरू झाली; तिच्या आगेमागे अन्य योजनांतून व शेतकऱ्यांच्या स्वखर्चानेही तळी झाली, आणि ज्या कोरडवाहू मुलखात पोहण्याजोगे पाणीच नव्हते तेथेही शिवारात पाणी चमकू लागले. पिकांस त्याचा मोठाच आधार झाला. मात्र विहिरीत पोहावयास शिकलेल्या मुलाचे पुष्कळसे ज्ञान या नव्या पाण्यात निरुपयोगी ठरते, ही गोष्ट त्यास कोणी सांगितलेली नसते. ती सांगण्यासाठी पुढील पाठ आहे. उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वी इयत्ता पाचवी ते सातवीच्या वर्गांत तो घ्यावा.

शेततळे विहिरीहून उथळ असते, म्हणून ते कमी धोक्याचे, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज प्रथम दूर केला पाहिजे. तीन मीटर खोल पाण्यात मोठा माणूसही बुडतो. खोली त्याहून अधिक असल्याने बुडणाऱ्यास काही निराळे होत नाही. खरा फरक काठाचा आहे. विहिरीच्या भिंतीस दगडांच्या सांधी असतात, कपारी असतात, कोठे झाडाचे मूळ बाहेर आलेले असते, बहुधा पायऱ्याही असतात. दमलेल्या मुलाचा हात कशास तरी लागतो. अस्तर घातलेल्या शेततळ्यास उतरते काठ असतात आणि त्यांवर प्लास्टिकचा अखंड कागद पसरलेला असतो. पाण्याच्या रेषेजवळ त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो. तेथे पाय टेकतो असे वाटते, पण ठरत नाही; वर येण्यासाठी मूल जितकी धडपड करील तितके ते खाली घसरते. उत्तम पोहणारा मुलगा सहज पलीकडे जातो, आणि मग त्यास बाहेर पडता येत नाही. तो बुडतो तो काठाशी, दमून. त्यास हात देण्यासाठी जो उतरतो त्याचीही तीच गत होते, आणि म्हणून अशा तळ्यात एकामागून एक दोघे-तिघे जातात.

हे केवळ सांगून मुलांस पटणार नाही. त्यासाठी एक फळी, प्लास्टिकच्या कागदाचा तुकडा, थोडे साबणाचे पाणी व एक जुनी चप्पल एवढे साहित्य पुरे. फळीवर कागद ताणून बांधावा. चपलेत दगड घालून ती फळीवर ठेवावी, फळीचे एक टोक हळूहळू उचलावे आणि किती उंचीवर चप्पल घसरू लागते हे मोजावे. नंतर कागदावर साबणाचे पाणी ओतून तोच प्रयोग पुन्हा करावा. दोन्ही उंचींतील अंतर मुले स्वतः पाहतील. शेवटी टोकाची उंची व पायथ्याची लांबी समान होईल इतकी फळी उभी करावी. पुष्कळशा तळ्यांचा उतार इतका किंवा याहून थोडा कमी असतो. चप्पल ओल्या फळीवर क्षणभरही ठरत नाही, हे एकदा पाहिलेले मूल सहसा विसरत नाही. मग फळीच्या वरच्या टोकास गाठी मारलेला दोर बांधून खाली सोडावा, म्हणजे काठावर दोर कशासाठी हवा हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

ज्या देशांत घराच्या अंगणात पोहण्याचे तलाव असतात त्यांनी काठाचा व कुंपणाचा विचार आधी केला. ऑस्ट्रेलियात लहान मुले अंगणातील तलावात पडून बुडू लागली तेव्हा तेथील राज्यांनी कायदे केले. साधारणतः 30 सेंटीमीटरहून अधिक पाणी राहू शकेल अशा प्रत्येक तलावास तेथे कुंपण घालावे लागते. कुंपण निदान 120 सेंटीमीटर उंच हवे. त्याच्या गजांतून किंवा खालून लहान मूल शिरेल एवढी फट नको. आणि ज्यावर पाय देऊन चढता येईल अशी वस्तू त्याच्या लगत नको. फाटक पाण्याच्या विरुद्ध दिशेस उघडणारे, आपोआप मिटणारे व आपोआप कडी लागणारे असावे लागते. घराची भिंत ही कुंपणाची चौथी बाजू धरली तर घरातील दारातून मूल सरळ पाण्यावर जाते, म्हणून चारही बाजू स्वतंत्र बांधणे अधिक चांगले ठरले आहे. या नियमांतील शहाणपण असे की, त्यांत मुलाच्या आज्ञाधारकपणावर काहीच सोपविलेले नाही. खेड्यात काटेरी तारेचे दोन पदर ओढून कुंपण झाले असे मानतात. त्याने बैल अडतो, पाच वर्षांचे पोर अडत नाही. जाळीचे कुंपण आणि दोरास दगड बांधून आपोआप मिटणारे केलेले फाटक यांस फार खर्च येत नाही. आपोआप मिटण्याचे महत्त्व शेतकऱ्यास लगेच पटते, कारण पंप सुरू करण्यासाठी तो दिवसातून दोन-चार वेळा आत जातो आणि फाटक उघडेच राहते. पालकांच्या सभेत हा विषय काढावयाचा असेल तर तेथपासूनच आरंभ करावा. त्याच सभेत घरातील उघडे हौद, पिंपे व बादल्या यांचाही उल्लेख व्हावा. नुकते चालू लागलेले मूल तेवढ्या पाण्यातही जाते.

आता स्वच्छतेविषयी. पोहण्याच्या तलावाचे पाणी निळे दिसते म्हणून ते स्वच्छ नसते. ते वाळूच्या गाळणीतून सतत फिरविलेले असते आणि त्यात दर लिटरास निदान 1 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन राखलेला असतो. शेततळ्यात यांपैकी काही नाही. सातवीच्या मुलांकडून येथे एक उदाहरण सोडवून घ्यावे. वरची बाजू 30 मीटर, खोली 3 मीटर आणि उतार वर सांगितल्याप्रमाणे असेल, तर तळाची बाजू 24 मीटर व मधल्या पातळीची 27 मीटर होते. वरचे क्षेत्र, तळाचे क्षेत्र आणि मधल्या क्षेत्राची चौपट यांच्या बेरजेस 6 ने भागून खोलीने गुणिले असता 2,196 घनमीटर, म्हणजे सुमारे 22 लक्ष लिटर पाणी येते. एवढ्या साठ्यात कोणी पावडर टाकली तरी शेवाळ, गाळ आणि ऊन मिळून तिचा गुण लवकरच नाहीसा करतील. त्यात ओढ्याचे पाणी येते, गुरांचे शेण येते, उंदरांचे मूत्रही येते. आणि पायास जखम असता अशा पाण्यात उतरल्याने लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. साचलेल्या कोमट गोड्या पाण्यातील एक सूक्ष्म अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. असा आजार क्वचितच होतो, पण तो बहुधा प्राणघातक ठरतो. 2024 मध्ये केरळात त्याने मुले दगावली. सूर किंवा मुटका मारणाऱ्याच्या नाकात पाणी जोराने शिरते, एवढे मुलांस सांगितले तरी पुरे. भीती घालण्याचे कारण नाही.

पिण्याच्या विहिरीत तर कोणी उतरूच नये. याचे सर्वांत बोलके उदाहरण नारूचे आहे. नारू झालेला मनुष्य पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून उभा राही, जंताची पिले पाण्यात पडत, ती सायक्लोप्स नावाच्या बारीक जलकीटकांच्या पोटात जात, आणि तेच पाणी न गाळता पिणाऱ्यास वर्षभराने नारू होई. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील खेडी याने गांजली होती. पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, पाणी गाळून पिण्याची सवय लागली, आणि 1996 नंतर भारतात एकही रुग्ण आढळला नाही. 2000 साली देश नारूमुक्त ठरला. आजोबांच्या पायावर नारूचा वण असलेली मुले अजून काही गावांत सापडतील.

विहिरीतील पाणी शुद्ध करण्याचे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे आहे. मुलांनी टी.सी.एल. पावडरीस हात लावू नये. हिशेब मात्र अवश्य करावा. विहिरीचा व्यास 4 मीटर व पाण्याची उंची 5 मीटर असेल तर 3.14 × 4 × 4 × 5 ÷ 4 = 62.8 घनमीटर, म्हणजे 62,800 लिटर. चांगल्या प्रतीची पावडर दर हजार लिटरास सुमारे अडीच ग्रॅम धरली तर 157 ग्रॅम लागते. बादलीत तिचे पातळ कालवण करून पाणी घालावे, दहा मिनिटे निवू द्यावे, वरची निवळी तेवढी दुसऱ्या बादलीने विहिरीत सोडून ढवळावी आणि तासाभराने पाणी भरावे. खालचा चुना विहिरीत टाकू नये. हे काम चालू असता जलसुरक्षकाच्या अनुमतीने वर्गास काठापासून दूर उभे करून ते दाखविता येईल.

राहिला प्रश्न प्रत्यक्ष संकटाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 मध्ये जगात सुमारे 3 लक्ष माणसे बुडून मृत्यू पावली, आणि 5 ते 14 वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडणे तिसरे आहे. बुडणारे मूल ओरडत नाही, हे मुलांस ठाऊक नसते. त्याचे तोंड पाण्याच्या पातळीस असते, मान मागे गेलेली असते, हात पाण्यावर थापटल्यासारखे हलतात. लांबून ते खेळत आहे असेच वाटते. अशा वेळी मित्राने उडी घेऊ नये. मित्र बुडत असता काठावर राहावे हे मुलांच्या मनास भित्रेपणाचे वाटते, आणि येथेच शिक्षकाच्या शब्दाची खरी गरज आहे. शूर मुलगाच अधिक वेळा उडी घेतो.

बाहेर काढलेल्या मुलास उलटे टांगणे, गरगर फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार अजून चालतात. त्यांत अमूल्य मिनिटे जातात. श्वास चालत नसेल तर एकाने 108 क्रमांकास दूरध्वनी करावा, आणि दुसऱ्याने लागलीच तोंडाने श्वास देऊन मग छातीच्या मध्यावर मिनिटास 100 ते 120 या गतीने दाब द्यावेत. दर 30 दाबांनंतर 2 श्वास. हे वाचून येणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांस शाळेत बोलावून शिक्षकांनी व थोर मुलांनी ते हाताने शिकून घ्यावे. शुद्धीवर आलेल्या मुलासही दवाखान्यात न्यावेच.

दोर फेकण्याचा सराव मात्र शाळेच्या मैदानावर कोणासही घेता येतो. चुन्याने 30 मीटर बाजूचा चौरस आखावा. काठापासून मध्यबिंदू 15 मीटर दूर येतो, म्हणून दोर 20 मीटरचा घ्यावा. त्याच्या एका टोकास झाकण घट्ट बसविलेला पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा, नेम साधावा म्हणून आत तांब्याभर पाणी घालून, बांधावा. दुसरे टोक मैदानावरील खुंटास बांधावे, कारण तळ्यावर ते कुंपणाच्या खांबास आधीच बांधलेले असले पाहिजे. मध्यभागी एक मुलगा बसेल, दुसरा काठाच्या रेषेमागून डबा फेकील आणि फेकताच पालथा पडून दोर ओढील. ज्यांची फेक पंधरा मीटर जात नाही अशा लहान मुलांकडे हाक मारण्याचे काम द्यावे, आणि आपल्या शिवारातील तळ्यापासून सर्वांत जवळची वस्ती कोणाची, दुपारी तेथे कोण असते व धावत किती वेळ लागतो, हे त्यांच्याकडून नावानिशी वदवून घ्यावे.