छोट्या जातीचे पिल्लू घेताना

शहरांप्रमाणेच आता तालुक्याच्या गावांतही पॉमेरियन, पग, शिह त्झू यांसारखी छोट्या जातींची कुत्री पाळण्याची हौस दिसू लागली आहे. (आपल्याकडे पॉमेरियन म्हणून विकली जाणारी पुष्कळशी कुत्री वास्तविक इंडियन स्पिट्झ असतात, हा भाग निराळा.) आकार लहान राहावा म्हणून पिढ्यानपिढ्या निवडक, कित्येकदा जवळच्या नात्यातील नर-मादींचा संयोग घडविला गेला आणि आकाराबरोबर काही व्याधीही वंशात उतरल्या. पिल्लू दोन महिन्यांचे असताना त्या सहसा जाणवत नाहीत. पैसे दिलेले असतात, मुलांनी नाव ठेवलेले असते आणि मग एके दिवशी पिल्लू धापा टाकू लागते.

हृदयाच्या एका दोषाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. गर्भात फुप्फुसे काम करीत नसल्यामुळे रक्त एका आखूड वाहिनीतून परस्पर महारोहिणीत जाते. जन्मानंतर काही दिवसांतच ही वाहिनी बंद व्हावयास हवी. पॉमेरियन, माल्टीज यांसारख्या जातींच्या काही पिल्लांत, विशेषतः माद्यांत, ती उघडीच राहते. अशा पिल्लाच्या डाव्या काखेपाशी तळहात टेकवल्यास पिठाची गिरणी चालू असावी तशी अखंड थरथर बहुधा हाताला लागते. वेळीच शस्त्रक्रिया झाली तर पिल्लू इतरांसारखे जगते. न झाल्यास पुष्कळशी पिल्ले पहिल्या वर्षातच दगावतात. म्हणजे पशुवैद्यकाने दोन मिनिटे छाती तपासण्यावर पिल्लाचे आयुष्य अवलंबून असते.

यॉर्कशायर टेरियर व माल्टीज जातींत आतड्यांकडून येणारे रक्त यकृताला वगळून जाण्याचा दोष आढळतो. असे पिल्लू वाढीला लागत नाही, खाल्ल्यानंतर गुंगल्यासारखे होते, कधी झटकेही येतात. चिवावाची टाळू तान्ह्या बाळासारखी मऊ असते आणि काहींची ती कधीच भरत नाही. डोके घुमटासारखे व नजर खाली वळलेली असेल तर मेंदूत पाणी साचल्याची शंका घ्यावी. चालता चालता मागचा पाय उचलून दोन-चार उड्या मारणारे पिल्लू खेळकर वाटते. प्रत्यक्षात गुडघ्याची वाटी सरकत असण्याचा संभव असतो. पगच्या नाकपुड्या चिरेइतक्या अरुंद असल्यास आपल्या उन्हाळ्यात त्याचे हाल ठरलेलेच. ‘टीकप’ नावाची मान्यताप्राप्त जात अस्तित्वात नाही. त्या नावाखाली बहुधा कळपातील सर्वांत खुजे पिल्लू अधिक किमतीला विकले जाते.

केंद्र शासनाच्या 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार पैदासकाराची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही आणि विक्रीपूर्वी त्याला मायक्रोचिप बसविणे बंधनकारक आहे. बसस्थानकावर टोपलीतून आणून दिलेल्या पिल्लाबाबत यांतील काहीच पडताळता येत नाही. पिल्लू जेथे जन्मले तेथे जाऊन त्याची आई पाहावी. आई दाखविण्यास टाळाटाळ झाली तर व्यवहार तेथेच थांबविणे उत्तम.

पसंत पडलेले पिल्लू शक्यतो पैसे देण्यापूर्वीच पशुवैद्यकाला दाखवावे. ते जमत नसेल तर दोन-तीन दिवसांत तपासून घेण्याची व दोष निघाल्यास रक्कम परत मिळण्याची अट पावतीवरच लिहून घ्यावी. पावतीवर जात, जन्मतारीख, चिपचा क्रमांक व विक्रेत्याचा पत्ता असावा. पुढे वाद उद्भवल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते; तेथे तोंडी आश्वासन सिद्ध करणे कठीण जाते.

दोष असलेले पिल्लू घरात आलेच असेल तर त्याला रस्त्यावर सोडणे हा गुन्हा आहे. उपचार होतील ते करावेत आणि त्याची पैदास मात्र होऊ देऊ नये. निर्बीजीकरण कधी करावे हे पशुवैद्यक पिल्लाची प्रकृती पाहून सांगतील.