बोलतो तसं लिहिणारी उभी लिपी : तोदो बिचिग



दुसरी-तिसरीच्या वर्गात श्रुतलेखन घेतलं की एक प्रश्न कधी ना कधी येतोच. "बाई, बोलतो तसंच का लिहायचं नाही?" 'पाणी'ला दुसरी वेलांटी आणि 'पाणिनी'तल्या 'णि'ला पहिली, हे का, असं मूल विचारतं तेव्हा आपण बहुतेक वेळा "नियम आहे" म्हणून पुढचा शब्द सांगतो. पण हा प्रश्न फार जुना आणि मोठा आहे. साधारण पावणेचारशे वर्षांपूर्वी मध्य आशियातल्या एका बौद्ध भिक्षूला हाच प्रश्न पडला आणि त्यानं त्यावर एक अख्खी लिपी तयार केली. तिचं नाव 'तोदो बिचिग'. तोदो म्हणजे स्पष्ट, बिचिग म्हणजे लेखन. थोडक्यात 'स्पष्ट लिपी'.

ती कोणी केली, कशासाठी केली आणि पुढे तिचं काय झालं, हे आज सविस्तर पाहू. मुलांना सांगण्यासारखं यात पुष्कळ आहे.

लोक कोण आणि माणूस कोण?

ओइरात म्हणजे पश्चिमेकडचे मंगोल. घोडे, मेंढ्या आणि उंट घेऊन फिरणारे पशुपालक. आज त्यांचे वंशज तीन ठिकाणी आहेत : चीनच्या शिनजियांगमध्ये, मंगोलियाच्या पश्चिम भागात आणि पार रशियात व्होल्गा नदीजवळ. या शेवटच्यांना काल्मिक म्हणतात. नकाशावर ही ठिकाणं मुलांना बोटानं दाखवायला लावा. अंतर पाहूनच मुलं गप्प होतात.

लिपी करणाऱ्याचं नाव जाया पंडित. (यातला 'ज' 'जहाज'मधला, 'जय'मधला नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) 'पंडित' हा आपल्याच ओळखीचा संस्कृत शब्द. बौद्ध धर्माबरोबर तो तिबेटात गेला आणि तिथून मंगोलांकडे पोचला. जाया पंडिताचा जन्म १५९९ चा. खोशुत टोळीचा सरदार बाइबागास यानं त्याला मुलगा मानून भिक्षू म्हणून पाठवलं. वीसहून जास्त वर्षं तो तिबेटात शिकला आणि १६३९ मध्ये आपल्या लोकांत परत आला. त्याच्या शिष्यानं त्याचं चरित्र लिहून ठेवलंय, म्हणून ही माहिती आपल्यापर्यंत आली. शिष्याचं नाव रत्नभद्र. हेही संस्कृतच.

१६४८ मध्ये त्यानं नवी लिपी तयार केली. चौथीच्या मुलांना काळ कळायला हवा असेल तर सांगा, त्या वेळी शिवाजी महाराज अठरा वर्षांचे होते.

लिपी उभी कशी झाली?

आधी जुनी लिपी समजून घेऊ, कारण नवी तिच्यावरूनच केली. चंगीझखानाच्या काळात, १२०४ च्या सुमारास मंगोलांनी उइघुर लोकांची लिपी घेतली. उइघुरांनी ती घेतली होती सोग्दी व्यापाऱ्यांकडून आणि सोग्दींची लिपी निघाली होती पश्चिम आशियातल्या अरामी लिपीतून. अरबी लिपीसुद्धा अरामीच्याच घराण्यातली. म्हणजे उर्दू आणि मंगोल लिपी या दूरच्या चुलत बहिणीच.

हे वर्गात दाखवायला एकदम सोपं आहे. बालभारतीचं उर्दू पाठ्यपुस्तक मिळालं तर त्याचं एक पान समोर धरा. ओळी उजवीकडून डावीकडे जातात. आता पुस्तक घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं पाव वर्तुळ फिरवा. ओळी वरून खाली आल्या, आणि पहिली ओळ आली डावीकडे! मंगोल लिपी अशीच लिहितात. वरून खाली, आणि पहिला स्तंभ डावीकडे. जुनी चिनी पुस्तकंही उभी असतात, पण त्यांचे स्तंभ उजवीकडून सुरू होतात. मंगोलांचे डावीकडून का, याचं उत्तर या पाव वर्तुळात आहे.

अक्षरं एका उभ्या कण्याला जोडलेली असतात. आपली शिरोरेघ आडवी, त्यांचा कणा उभा. आणि अक्षरांच्या भागांना नावं कशी आहेत पाहा : मुकुट, दात, पोट, नडगी, धनुष्य, शेपूट. आपण 'काना' म्हणतो तसंच. वर्णमालेला ते 'त्सागान तोल्गोइ' म्हणतात, शब्दशः 'पांढरं डोकं'. पहिलीच्या मुलांना हे सांगून बघा, दिवसभर दुसरं काही बोलणार नाहीत.

'इथे' की 'भूत'?

जुनी लिपी देखणी, पण वाचायला अवघड. तिच्यात 'त' आणि 'द' यांचं चिन्ह बहुतेक ठिकाणी एकच. 'ओ' आणि 'उ' एकच. काही जागी 'न' आणि 'अ' दोन्ही म्हणजे नुसता एक दात. परिणाम काय? 'उर्तू' म्हणजे लांब आणि 'ओर्दू' म्हणजे राजवाडा किंवा छावणी, हे दोन शब्द कागदावर हुबेहूब सारखे. ('उर्दू' हे नाव याच छावणीवाल्या शब्दाशी जोडलेलं आहे.) त्याहून मजेशीर जोडी म्हणजे 'एन्दे' आणि 'अदा'. 'एन्दे' म्हणजे इथे आणि 'अदा' म्हणजे दुष्ट आत्मा. दोन्ही एकसारखेच लिहायचे. 'इथे' लिहिलंय की 'भूत', हे वाचणाऱ्यानं ओळखायचं.

मग लोक वाचत कसे होते? संदर्भावरून. शिवाय त्यांच्या भाषेतले स्वर गटात येतात. एका शब्दात 'अ, ओ, उ' असतील तर 'ए' आणि त्याच्या गटातले स्वर सहसा येत नाहीत. त्यांना ते पुरुष-स्वर आणि स्त्री-स्वर म्हणतात. एक स्वर ओळखला की बाकीचे अंदाजानं लागतात.

आपण हे समजू शकतो का? नक्की. फळ्यावर लिहा : "चार गाईंना चारा चार." कोणतंही मराठी मूल यातला पहिला 'चार' वेगळा आणि शेवटचा 'चार' वेगळा वाचेल. लिपीत काहीच फरक नाही. 'या जगात आनंदानं जग' यातही तेच. म्हणजे आपणही रोज अर्थावरून अंदाज बांधून वाचतो, फक्त ते आपल्या लक्षात येत नाही. मराठी नव्यानं शिकणाऱ्या मुलाच्या मात्र लगेच लक्षात येतं! तुमच्या वर्गात परराज्यातून आलेलं मूल असेल तर त्याच्या तोंडून हे वाक्य ऐका.

दुसरी अडचण दीर्घ स्वरांची. मंगोल बोलीत कालांतरानं शब्द आकसले होते. 'लाल' हा शब्द लिहायचे 'उलागान' आणि बोलायचे 'उलान', शेवटचा 'आ' लांबवून. 'बागातूर' लिहायचे, म्हणायचे 'बातर'. अर्थ शूर वीर. आपला 'बहादूर' फारसीतून आला, पण मूळ हेच. म्हणजे मंगोल मुलाला कानांनी एक ऐकू यायचं आणि कागदावर चारशे वर्षांपूर्वीचा उच्चार लिहायला लागायचा.

इथे एक गंमत आहे. आपल्या मुलांची अडचण नेमकी उलटी. त्यांच्या लिपीत दीर्घ स्वराला खूण नव्हती, पण तो कानाला स्वच्छ ऐकू येत होता. आपल्याकडे पहिली आणि दुसरी अशा दोन वेलांट्या आहेत, पण बोलताना कित्येक शब्दांत तो फरक ऐकूच येत नाही. (मोडीत इ-ई आणि उ-ऊ असा भेद सहसा करतच नसत, हेही आठवा.) त्यामुळे वेलांटी चुकवणाऱ्या मुलाला "नीट ऐक म्हणजे कळेल" असं सांगून उपयोग नाही. जे ऐकूच येत नाही ते त्यानं ऐकायचं कसं? ते डोळ्यांनी, पुन्हा पुन्हा वाचूनच बसतं. माझ्या मते वेलांटीच्या चुकीला आणि अक्षर गाळण्याच्या चुकीला सारखाच लाल शेरा देणं बरोबर नाही.

जाया पंडितानं काय केलं?

त्यानं जुनी लिपी फेकून दिली नाही. तोच उभा कणा, तेच दात आणि शेपट्या ठेवल्या. फक्त जिथे दोन ध्वनींना एकच चिन्ह होतं तिथे छोट्या खुणा जोडून ती वेगळी केली. सातही स्वर वेगळे झाले. 'त' आणि 'द' वेगळे झाले. दीर्घ स्वरासाठी स्वतंत्र खूण आली. एका चिन्हाचा एकच उच्चार, म्हणून 'स्पष्ट'. जुनी लिपी येणाऱ्याला ही लवकर उमगत असणार, कारण चेहरा ओळखीचाच होता.

अशी युक्ती करणारा तो एकटा नव्हता. १६३२ मध्ये मांचू लोकांसाठी दाहाई नावाच्या विद्वानानं याच लिपीकुटुंबात ठिपके आणि वर्तुळं घालून मांचू लिपी सुधारली होती.

स्पष्टतेची गरज धर्मग्रंथांसाठीही होती. तिबेटी आणि संस्कृत नावं, मंत्र नेमके लिहायचे तर संदिग्ध अक्षरं कशी चालतील? पुढच्या बारा-चौदा वर्षांत जाया पंडितानं सुमारे १७७ ग्रंथ तिबेटीतून ओइरातमध्ये आणले, असं चरित्रावरून दिसतं. त्यात 'सुवर्णप्रभास सूत्र' आहे. ते मुळात संस्कृत, मग तिबेटी आणि मग ओइरात, असा त्याचा प्रवास. १६६२ मध्ये तो वारला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. 'बोलतो तसं लिहा' हे त्यानंही शंभर टक्के केलं नाही. ग्रंथांच्या भाषेत जुनी, भारदस्त रूपं बरीच राहिली. लिखाणाची भाषा आणि ओट्यावरची भाषा यांत थोडं अंतर त्यालाही ठेवावंसं वाटलं.

मग सगळ्यांनी ती का घेतली नाही?

लिपी इतकी सोयीची, तर सगळ्या मंगोलांनी ती उचलायला हवी होती. तसं झालं नाही. ओइरातांनी घेतली, पूर्वेकडचे मंगोल जुन्याच लिपीला धरून राहिले. राजकारण होतंच, दोघांत लढायाही होत्या. पण मला दुसरं कारण जास्त विचार करायला लावतं. जुन्या लिपीतली संदिग्धता म्हणजे एक सोयही होती. 'उलागान' असं लिहिलेलं प्रत्येक जण आपापल्या बोलीत वाचू शकत होता. कोणाच्याच उच्चाराशी न जुळणारं लेखन सगळ्यांना सारखंच परकं, म्हणून सगळ्यांचं. स्पष्ट लिपीनं लिहिलं की ते कोणत्या बोलीतलं, हे लगेच दिसतं.

ओइरातांसाठी मात्र ती तीनशे वर्षं घरची लिपी होती. व्होल्गाकाठच्या आयुका खानाची रशियन अधिकाऱ्यांना पाठवलेली पत्रं याच लिपीत आहेत. 'जांगर' हे त्यांचं वीरकाव्य पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ चालत आलेलं. १९०८ मध्ये नोम्तो ओचिरोव या काल्मिक विद्यार्थ्यानं एल्यान ओव्ला या गायकाकडून त्याचे दहा अध्याय ऐकून उतरवून घेतले आणि १९१० मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला तोदो बिचिगमध्येच छापले गेले.

त्यानंतरच्या तारखा नुसत्या एकापुढे एक वाचा. १९२४ मध्ये काल्मिकांसाठी ही लिपी काढून रशियन अक्षरं आली. १९३० मध्ये ती जाऊन रोमन आली. १९३८ मध्ये पुन्हा रशियन. चौदा वर्षांत तीन बदल! १९२० साली शाळेत गेलेलं मूल तिशीच्या आत तीनदा निरक्षर झालं असेल. आपल्याकडे आजोबांच्या ट्रंकेतले मोडी कागद नातवाला वाचता येत नाहीत; तिथे आईची वही मुलाला वाचता येईना. आणि १९४३ च्या डिसेंबरात अख्ख्या काल्मिक समाजालाच सैबेरियात हद्दपार केलं. परतायला १९५७ उजाडलं. मधल्या वर्षांत वाढलेल्या मुलांना मातृभाषेची शाळा मिळाली नाही. युनेस्कोच्या यादीत आज काल्मिक भाषा धोक्यात आलेल्या भाषांमध्ये आहे.

शिनजियांगच्या ओइरातांत तोदो बिचिग जास्त टिकली. पण १९८० च्या दशकात तिथल्या शाळांनीही जुनी मंगोल लिपी स्वीकारली, म्हणजे इतर मंगोलांशी शिक्षण जोडलेलं राहील. जी लिपी वाचायला सोपी म्हणून केली, ती शाळेतून गेली आणि जी अवघड म्हणून बाजूला ठेवली होती, ती परत आली! संगणकात मात्र दोघी शेजारी आहेत. १९९९ च्या युनिकोड आवृत्तीत मंगोल अक्षरांच्या गटातच तोदोच्या खास अक्षरांनाही जागा मिळाली.

वर्गात कसं घ्याल?

तिसरी-चौथीसाठी एक तास पुरतो. "चार गाईंना चारा चार" हे वाक्य फळ्यावर लिहा आणि दोन 'च'साठी प्रत्येक गटाला आपली वेगळी खूण शोधायला सांगा. कोणी टिंब देईल, कोणी शेपूट काढेल, कोणी चक्क रंग बदलेल. प्रत्येक गटानं आपल्या खुणा वापरून पाच ओळी लिहायच्या. मग वह्या गटागटांत बदला आणि दुसऱ्याच्या खुणांमधलं मोठ्यानं वाचायला सांगा. घरी कोकणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारी मुलं असतील तर त्यांना एकाच गटात ठेवू नका, वाटून द्या. कोणता 'च' कुठे, यावर भांडणं होतील, ती होऊ द्या. शेवटी तेच वाक्य नेहमीच्या अक्षरांत फळ्यावर लिहा आणि किती जणांना न अडखळता वाचता येतं ते मोजा.