घरून काम आणि घरातली शांती

घर हेच कार्यालय झाले, तर त्या घराची शांती कोण राखतो? चेन्नईच्या एग्मोर भागात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न लागू पडतो. १९०८ पासूनचे मोठे रेल्वे स्थानक, वर्दळीचे रस्ते, वैशाखातला दमट उकाडा आणि लहानसा फ्लॅट. त्यातच एकाची मीटिंग, दुसऱ्याचा अभ्यास, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या. अशा घरात मन एकाग्र कसे व्हावे?

संशोधन काय सांगते?
सीट्रिप या चिनी प्रवास-सेवा कंपनीने २०१०-११ मध्ये शांघायला नऊ महिन्यांचा प्रयोग केला. फोनवरून ग्राहकसेवा देणारे काही कर्मचारी आठवड्यातले चार दिवस घरून काम करू लागले. त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली, नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली होती, त्यांनाच ही संधी होती. आणि निवडीची मुभा मिळताच सुमारे निम्मे जण कार्यालयात परतले. एकटेपणा हे त्याचे मुख्य कारण होते. म्हणजे शांत खोलीने काम वाढते, पण समाधानासाठी माणसेही लागतात.

जुन्या घरांची शिकवण
आपल्या वाड्याला ओसरी असे, तमिळ घराला तिण्णै. आल्यागेल्याशी बोलणे, व्यवहार तिथे होत. आतले घर कुटुंबाचे राही. फ्लॅटमध्ये ही सीमा भिंत आखून देत नाही. ती वेळेने आणि वागण्याने आखावी लागते.

शिवाय एकाला मिळणारी शांतता घरातले दुसरे कोणीतरी देत असते. बहुधा ती गृहिणी असते. ती मुलांना गप्प बसवते, मिक्सर थांबवते, टीव्हीचा आवाज कमी करते. हे गृहीत धरले, तर एकाचे काम वाढेल, पण घराचे समाधान घटेल.

आचरणासाठी
१. जागा : एक कोपरा का असेना, तो कामासाठी ठरवावा. अंथरुणावर बसून काम करू नये.
२. वेळ : महत्त्वाच्या मीटिंगच्या वेळा सकाळीच घरी सांगाव्यात. घरच्यांना शांतता कधी हवी, हेही विचारावे आणि ती वेळ तितक्याच कटाक्षाने पाळावी.
३. समाप्ती : काम संपताच लॅपटॉप नजरेआड ठेवावा. जेवताना फोन जवळ नसावा.
४. सोबत : आठवड्यातून एकदा तरी सहकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटावे. वाचन-चिंतनासाठी घराबाहेरची जागाही शोधावी. एग्मोरकरांना तर १८९६ मध्ये सुरू झालेले कोनेमारा सार्वजनिक ग्रंथालय जवळच आहे.

चिंतनासाठी
माझ्या एकाग्रतेसाठी घरात कोण झिजते? त्या व्यक्तीला मी दिवसातला कोणता निवांत वेळ देतो? आज रात्री सर्वांनी एकत्र बसून यावर मोकळेपणाने बोलावे आणि उद्याच्या वेळा मिळून ठरवाव्यात.