खलनायकाला क्षमा की शिक्षा?



गेल्या महिन्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात सातवीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले, "फादर, पिक्चरमध्ये व्हिलन सगळ्यांना मारतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत चांगला होतो. मग त्याला सगळं माफ? ज्यांना मारलं त्यांचं काय?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण उत्तर काही जमले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना न्याय आणि दया यांवर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. त्यातले एकही वाक्य त्या दिवशी कामी आले नाही. म्हणून हा लेख, थोडा उशिराच.

तरुण मंडळींनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे चित्रपट पाहिले असतील. मूळ कादंबरी 1954-55 साली तीन भागांत प्रसिद्ध झाली. लेखक टॉल्किन हे श्रद्धावंत कॅथलिक. आई 1904 साली वारल्यावर या पोरक्या मुलाचा सांभाळ फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी केला. या कथेत गोलम नावाचा एक दुष्ट, केविलवाणा जीव आहे. एका जादूच्या अंगठीसाठी त्याने स्वतःच्या मित्राचा गळा आवळला आणि पुढे कित्येक शतके ती अंगठी उराशी धरून तो अंधारात राहिला. बिल्बोच्या हाती ती अंगठी येते, तेव्हा त्याला गोलमला ठार करण्याची आयती संधी मिळते. पण त्याला दया येते आणि तो वार करीत नाही.

पुढे फ्रोडो चिडून म्हणतो की, बिल्बोने तेव्हाच त्याला मारायला हवे होते. यावर वृद्ध गँडाल्फ 'गोलम बिचारा निर्दोष आहे' असे म्हणत नाही. तो मरणाच्याच लायकीचा आहे, हे गँडाल्फ मान्य करतो. मात्र मेलेल्यांना जीवन देणे आपल्या हाती नाही, तर मरणाचा निवाडा करण्याची घाई कशाला, असे तो सुचवतो. हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. क्षमा करायची तर आधी अपराधाला अपराध म्हणावे लागते. 'जाऊ द्या, झालं ते झालं' ही क्षमा नव्हे, तो विसराळूपणा झाला. आपल्या घराघरांतली जमिनीची भांडणे अशाच 'जाऊ द्या'वर मिटतात आणि पुढच्या पिढीत पुन्हा उकरून काढली जातात.

आता एक प्रसंग, जो चित्रपटात नाही. डोंगरातल्या अंधाऱ्या पायऱ्यांवर फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम थकून झोपले आहेत. गोलम त्यांना दगा देण्याचा बेत ठरवून परत येतो. झोपलेल्या फ्रोडोकडे पाहताना त्याच्या डोळ्यांतली लबाडी विझते. एखाद्या थकल्याभागल्या म्हाताऱ्यासारखा तो हळूच हात पुढे करतो आणि फ्रोडोच्या गुडघ्याला स्पर्श करतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि त्याच्यावर खेकसतो. क्षण निघून जातो. गोलम आपला बेत तडीस नेतो. टॉल्किन यांनी 1963 साली एका पत्रात लिहिले की, संपूर्ण कथेत त्यांना हाच प्रसंग कदाचित सर्वांत शोकात्म वाटतो.

शेवटी अग्निपर्वतावर फ्रोडोच मोहाला बळी पडतो आणि अंगठी टाकायला नकार देतो. गोलम ती त्याच्या बोटासकट चावून तोडतो आणि आनंदाने नाचता नाचता आगीत कोसळतो. ज्याला जिवंत सोडले होते, त्याच्यामुळेच जग वाचते. 1956 सालच्या एका पत्रात टॉल्किन यांनी या शेवटाचा संबंध प्रभूच्या प्रार्थनेतील क्षमा आणि मोह यांविषयीच्या विनंत्यांशी जोडला आहे. अंगठी नष्ट होते तो दिवस 25 मार्च, म्हणजे पवित्र मरियेला देवदूताने दिलेल्या संदेशाचा सण.

पण गोलमचे स्वतःचे परिवर्तन झाले नाही. दया मिळणे एक आणि ती स्वीकारणे दुसरे. सारुमान या जादूगारालाही पुन्हा पुन्हा संधी मिळते आणि दर वेळी तो ती धुडकावतो. उलट बोरोमिर अंगठी हिसकावण्याचा प्रयत्न करतो, पण नंतर लहानग्या सोबत्यांना वाचवताना बाणांनी घायाळ होतो आणि मरता मरता अरागॉर्नपुढे आपला गुन्हा साध्या शब्दांत कबूल करतो. कुमसार याहून वेगळा काय असतो!

मुलाच्या प्रश्नाचा दुसरा भाग, 'ज्यांना मारलं त्यांचं काय', याचे उत्तर सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या कथेत (1950) अधिक सापडते. एडमंड भावंडांना दगा देतो. चेटकीण कायद्यावर बोट ठेवून त्याचे रक्त मागते. सिंह अस्लान तो कायदा खोटा ठरवत नाही. तो स्वतःचा प्राण देतो. गंमत अशी की, पुढे या फितुराचीच ख्याती 'न्यायी राजा एडमंड' अशी होते. दया न्यायाला पुसत नाही, पूर्णत्वाला नेते, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात ते हेच.

मागच्या रविवारी हे सारे आम्ही वर्गात सांगितले. त्या मुलाने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सॅमने नंतर सॉरी म्हटलं का?"

म्हटले होते. झोपेतून दचकून उठलो म्हणून तोंडातून गेले, असे तो सांगतो. पण तोवर गोलमच्या डोळ्यांत ती हिरवी चमक परत आली होती.